वेल्श शिकवणारे मास्तर

दर आठवड्याच्या अंकात या सदराला जागा मिळते ती बेताची. दिवाळीत मात्र संपादकांचा हात सैल सुटतो, आणि म्हणून वर्षभर बाजूला ठेवलेला एखादा ऐसपैस विषय मी या अंकासाठी राखून ठेवीत असतो. यंदाचा विषय ऐकून पुष्कळांच्या भुवया वर चढतील. विषय आहे रग्बी! मराठीच्या प्राध्यापकाने संतांवर लिहावे, शाहिरांवर लिहावे, फार झाले तर ऱ्हस्वदीर्घावरून कुरकुर करावी. चिखलात लोळणाऱ्या दांडग्या गड्यांशी त्याला काय कर्तव्य? पण वाचकहो, थोडा धीर धरा. ज्या गृहस्थांची हकीकत मला सांगायची आहे ते धंद्याने भाषेचेच मास्तर होते. कॉलेजात ते आपली मातृभाषा शिकवीत, आणि त्याच शिकवण्याच्या जोरावर त्यांनी १९७१ साली असा एक पराक्रम करून दाखवला की त्याची बरोबरी आजवर कुणालाही साधलेली नाही. त्यांचे नाव कार्विन जेम्स.

आधी खेळाविषयी दोन शब्द, कारण हा खेळ आपल्याकडे घरोघरी माहीत नाही. मुंबईत बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर तो खेळतात; येणारेजाणारे फुटपाथवरून दोन मिनिटे पाहतात आणि हे भांडण आहे की खेळ आहे याचा निर्णय न होताच लोकल गाठायला पळतात. तसे या खेळाचे आपल्या देशाशी नाते जुने आहे. कलकत्त्यातल्या इंग्रजांचा एक रग्बी क्लब १८७८ च्या सुमारास बंद पडला, तेव्हा सभासदांनी बँकेत शिल्लक असलेले चांदीचे रुपये काढून आणले, ते वितळवून एक चषक घडवला आणि विलायतेला पाठवून दिला. नागाच्या आकाराच्या तीन मुठी, झाकणावर हत्ती! इंग्लंड आणि स्कॉटलंड हे देश आजही दरसाल त्या ‘कलकत्ता कप’साठी झुंजतात.

प्रत्येक बाजूला पंधरा गडी. चेंडू अंड्याच्या आकाराचा, त्यामुळे जमिनीवर पडला की कुठे उसळेल ते त्याचे त्यालाच ठाऊक. तो प्रतिपक्षाच्या रेषेपलीकडे नेऊन टेकवला की ‘ट्राय’ होतो. उभ्या खांबांमधून लाथेने उडवला तरी गुण मिळतात. यात एक मोठी गमतीची अट आहे. चेंडू हाताने पुढच्या गड्याकडे टाकायचा नाही. द्यायचा तो बाजूला किंवा मागे. म्हणजे पुढे जायचे असेल तर मागून येणाऱ्यावर भरवसा ठेवावा लागतो. आठ दणकट गडी पुढे रेटारेटी करून चेंडू मिळवतात, मागचे सात चपळ गडी तो घेऊन धावतात, आणि या दोघांच्या मधोमध एक गडी उभा असतो, त्याला म्हणतात फ्लाय-हाफ. चेंडू हाती आल्यावर धावायचे, दुसऱ्याला द्यायचा की लाथाडायचा, हे त्याने डोळ्याचे पाते लवण्याच्या आत ठरवायचे. थोडक्यात, या खेळातले डोके त्याच्या धडावर असते.

कार्विन जेम्स हे असे फ्लाय-हाफ होते.

त्यांचा जन्म २ नोव्हेंबर १९२९ चा. गाव केव्हनेथिन; वेल्सच्या नैर्ऋत्य भागात, कारमार्थनच्या मुलुखात, ग्वेन्ड्रेथ नावाच्या खोऱ्यात. वडील कोळशाच्या खाणीत कामाला. घराणे मूळचे उत्तरेकडच्या कार्डिगन परगण्यातले, शेतीवाडीच्या मुलुखातले. पोटासाठी खाणीकडे आलेले. घरात आणि देवळात भाषा एकच, वेल्श. इंग्रजी ही शाळेत जाऊन शिकायची गोष्ट.

वेल्स हा इंग्लंडच्या पश्चिमेला लागून असलेला डोंगराळ मुलूख. लोकवस्ती आज सुमारे एकतीस लाख. इंग्रजीच्या अगदी उंबरठ्यावर राहून या लोकांनी आपली प्राचीन भाषा कशीबशी जिवंत ठेवली आहे. एकोणिसाव्या शतकात तिथल्या कित्येक शाळांत वेल्श बोलताना सापडलेल्या मुलाच्या गळ्यात लाकडाचा एक तुकडा अडकवीत. दुसरा कुणी वेल्श बोलला की तो त्याच्या गळ्यात जाई, आणि शाळा सुटताना ज्याच्या गळ्यात तो उरेल त्याला छडी. पोरांनीच पोरांवर पाळत ठेवायची अशी ही व्यवस्था! २०२१ च्या शिरगणतीत वेल्श बोलता येते असे सांगणारे सुमारे ५ लाख ३८ हजार निघाले. म्हणजे शंभरात अठरासुद्धा नाहीत. अशा भाषेचा अध्यापक होणे म्हणजे नुसती नोकरी धरणे नव्हे. हे मराठी शिकवणाऱ्याला कुणी समजावून सांगायला नको.

ग्वेन्ड्रेथच्या शाळेतून कार्विन अ‍ॅबेरिस्टविथच्या विद्यापीठ-कॉलेजात गेला आणि तिथे त्याने वेल्श हाच विषय घेतला. त्या विभागात तेव्हा पॅरी-विल्यम्स आणि ग्वेनाल्ट असे दोन नामवंत कवी अध्यापक होते. कवींच्या हाताखाली शिकायचे आणि संध्याकाळी चिखलात लोळायचे, असा तो दुहेरी विद्याभ्यास. पुढे सक्तीच्या लष्करी सेवेत नौदलात दाखल झाल्यावर त्याला रशियन भाषा शिकायला बसवले. तीही त्याने आवडीने आत्मसात केली. मग लॅन्डोव्हरी इथल्या निवासी शाळेत वेल्शचा शिक्षक, आणि नंतर कारमार्थनच्या ट्रिनिटी कॉलेजात अध्यापक. शनिवारी लानेली या गावाच्या क्लबतर्फे रग्बी. त्या काळी या खेळात पगार नसे. गडी सोमवारी सकाळी पुन्हा आपापल्या खाणीत, कारखान्यात किंवा वर्गात हजर!

खेळाडू म्हणून कार्विन जेम्स फार मोठे झाले असते, पण त्यांचा काळ आड आला. त्यांच्याच पिढीत, त्यांच्याच जागी, क्लिफ मॉर्गन नावाचा असामान्य फ्लाय-हाफ वेल्सकडे होता. तो उभा असताना दुसऱ्याला तिथे जागा मिळणे कठीण. त्यामुळे देशाकडून खेळण्याची संधी जेम्स यांना मिळाली ती अवघी दोनदा, १९५८ साली. जानेवारीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध वेल्सने ९-३ असा विजय मिळवला आणि त्यात जेम्स यांनी एक ड्रॉप गोल मारला. चेंडू हातातून खाली सोडून उसळताक्षणी खांबांमधून उडवला. मार्चमध्ये फ्रान्सविरुद्ध मॉर्गनही खेळत होता म्हणून यांना बाजूच्या जागी उभे केले, आणि तो सामना वेल्सने गमावला. संपले! दोन सामने, एक ड्रॉप गोल. एखाद्याने उरलेला जन्म नशिबाला बोल लावण्यात घालवला असता. वाचकांनी तो ९-३ चा आकडा मात्र ध्यानात ठेवावा. तो पुढे पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

केव्हनेथिनमधले जेम्सांचे घर गावच्या रग्बी मैदानाच्या अगदी शेजारी. त्या मैदानावर त्याच गावचा एक पोरगा तासन् तास चेंडू उडवीत बसे. त्याचे नाव बॅरी जॉन, जन्म १९४५ चा. तोही पुढे फ्लाय-हाफ झाला, आणि असा झाला की लोक त्याला ‘राजा’ म्हणू लागले. एका लहानशा खोऱ्यातून इतके फ्लाय-हाफ निघाले की डोंगराखाली त्यांचा कारखाना आहे असे वेल्समध्ये विनोदाने म्हणत.

जेम्स लानेलीचे प्रशिक्षक झाले तेव्हा ब्रिटनमध्ये प्रशिक्षक ही वस्तूच नवी होती. शिकवून घेऊन खेळणे हे सभ्य माणसाला शोभत नाही, अशी जुन्या मंडळींची समजूत! आमच्याकडे नाही का, कविता शिकवून येत नाही असे सांगून शिकवण्याचा कंटाळा झाकता येतो, त्यातलाच प्रकार. वेल्सने आपल्या राष्ट्रीय संघाला पहिला प्रशिक्षक नेमला तो १९६७ साली.

जेम्स यांच्या स्वभावाची जात दाखवणारी एक गोष्ट याच काळातली आहे. १९७० च्या जानेवारीत दक्षिण आफ्रिकेचा गोऱ्यांचा संघ लानेलीत खेळायला आला. वर्णद्वेषी राजवटीच्या या संघाशी सामना व्हावा हे जेम्स यांना पटलेले नव्हते. गड्यांवर त्यांनी आपले मत लादले नाही. संघाची तयारी नेहमीइतक्याच मन लावून करून घेतली, गडी मैदानावर गेले, आणि मास्तर मात्र सामना न पाहता आत कपडे बदलण्याच्या खोलीत बसून राहिले. त्याच वर्षी वेल्सच्या स्वायत्ततेसाठी झगडणाऱ्या प्लाइड काम्री या पक्षातर्फे ते लानेलीतून पार्लमेंटच्या निवडणुकीला उभे राहिले आणि पडले. पडणार हे उभे राहतानाच ठाऊक असावे. पण काही निवडणुका निवडून येण्यासाठी लढवायच्या नसतात.

आता १९७१. इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड आणि वेल्स हे देश एरवी एकमेकांच्या उरावर बसतात. पण दर काही वर्षांनी चौघांतले निवडक गडी एकत्र करून ‘लायन्स’ नावाचा संयुक्त संघ दूरच्या दौऱ्यावर पाठवतात. त्या वर्षीचा दौरा न्यूझीलंडचा होता. न्यूझीलंडचा राष्ट्रीय संघ काळा पोशाख घालतो म्हणून त्याला ‘ऑल ब्लॅक्स’ म्हणतात. शेतकऱ्या-मेंढपाळांचा तो देश या खेळाला धर्मासारखा मानतो. त्यांच्या भूमीवर त्यांच्याविरुद्ध मालिका जिंकणे लायन्सना तोवर एकदाही जमले नव्हते. १९६६ च्या दौऱ्यात तर चारही कसोटी सामने हरून ते परतले होते. या संघाचे प्रशिक्षकपद देशाकडून अवघे दोनदा खेळलेल्या, वेल्श शिकवणाऱ्या या अविवाहित मास्तरांकडे आले. चार देशांचा संघ हाती आला, पण आपल्या स्वतःच्या देशाचा संघ मात्र कधीच आला नाही. त्याची कथा पुढे सांगतो.

मास्तरांनी काय केले? वर्गात जे करीत होते तेच केले. कविता शिकवणारा चांगला अध्यापक अर्थ सांगून मोकळा होत नाही. तो विचारतो, ‘इथे कवीने हाच शब्द का घातला असेल? तुला काय वाटते?’ मग मूल चाचपडते, चुकते, आणि अखेर त्याला जो अर्थ सापडतो तो त्याचा स्वतःचा असतो. परीक्षेनंतरही तो विसरत नाही. जेम्स यांची सगळी प्रशिक्षणपद्धती या एका प्रश्नात होती. पुढच्या आठ दणकट गड्यांची रेटारेटी हा त्यांच्या हातखंड्याचा भाग नव्हता, कारण ते स्वतः मागच्या फळीतले. म्हणून त्यांनी रे मॅक्लॉक्लिन या आयरिश गड्याला विचारले, त्याचा त्या विषयातला अभ्यास पाहून ती शिकवणी त्याच्याच हाती सोपवली आणि आपण ऐकत बसले. माईक गिब्सन, विली जॉन मॅकब्राइड, कर्णधार जॉन डॉझ या सगळ्यांशी ते वेगवेगळे, निवांत बोलत. कुणाला शाबासकी लागते, कुणाला चिमटा लागतो आणि कुणाला नुसते सोडून द्यावे लागते, याचा हिशेब त्यांच्या मनात पक्का असे.

दौऱ्याआधी इंग्लंडमध्ये ईस्टबोर्न इथे संघ जमला तेव्हा त्यांनी गड्यांना सांगितलेल्या गोष्टीचा मथितार्थ असा, की इथे कुणी दुसऱ्यासारखा होण्याचा प्रयत्न करू नये. आयरिश माणसाने आयरिशच राहावे, इंग्रजाने इंग्रज, आणि प्रत्येकाने आपल्या मनासारखे खेळावे. चार देशांची खिचडी शिजवायची आणि तांदळाचा दाणा न् दाणा सुटा राहिला पाहिजे, असा हा बेत! स्वतःची भाषा टिकवण्यासाठी आयुष्य वेचणाऱ्या माणसालाच हे सुचावे. आपले वेगळेपण पुसले जाणे म्हणजे काय ते त्याला ठाऊक होते. म्हणून त्याने दुसऱ्याचेही पुसले नाही.

पण मास्तर मवाळ होते असे कुणी समजू नये. न्यूझीलंडचे गडी दांडगाई करतात हे माहीत असल्याने त्यांनी आपल्या गड्यांना मिस्कीलपणे बजावले होते, की प्रत्युत्तराचा टोला आधीच हाणून ठेवा! तरीही पहिल्या कसोटीच्या आठवडाभर आधी कँटरबरी प्रांताविरुद्धचा सामना अक्षरशः हाणामारीचा झाला. तो लायन्सने जिंकला, पण पुढच्या फळीतले दोन खंदे गडी कायमचे बाद झाले. स्कॉटलंडच्या सँडी कारमायकेलच्या गालाचे हाड मोडले, आणि ज्या मॅक्लॉक्लिनवर मास्तरांची भिस्त होती त्याचा अंगठा. दोघेही घरी परतले. पण मॅक्लॉक्लिनने जे शिकवले होते ते मागेच राहिले.

२६ जून १९७१, गाव डनीडन, पहिली कसोटी. बाद झालेल्यांच्या जागी आलेला इयन मॅक्लॉक्लन हा ठेंगणाठुसका स्कॉटिश गडी. त्यानेच प्रतिपक्षाची लाथ अडवून तो चेंडू रेषेपलीकडे टेकवला. लायन्सचा त्या दिवशीचा एकमेव ट्राय! उरलेले गुण केव्हनेथिनच्या बॅरी जॉनचे. न्यूझीलंडचा सगळ्यांत मागे उभा राहणारा मॅकॉर्मिक हा मजबूत, पण वळायला जड आहे हे हेरलेले होते. बॅरी जॉनने दिवसभर चेंडू असे उडवले की मॅकॉर्मिक बिचारा या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात धावत राहिला. त्या सामन्यानंतर तो आपल्या देशाकडून पुन्हा कधी खेळला नाही. डोक्याने खेळणे म्हणजे काय याचा तो वस्तुपाठच होता. आणि अंतिम गुणसंख्या? ९-३!

दुसऱ्या कसोटीत, क्राइस्टचर्चला, ऑल ब्लॅक्सनी २२-१२ असा वचपा काढला. न्यूझीलंडच्या भूमीवर लायन्सनी त्या दौऱ्यात गमावलेला हा एकच सामना. २४ पैकी २२ त्यांनी जिंकले आणि एक बरोबरीत सुटला. वेलिंग्टनच्या तिसऱ्या कसोटीत लायन्सनी १३-३ असा विजय मिळवला. १४ ऑगस्टला ऑकलंडमध्ये चौथी. हरले तर मालिका बरोबरीत, न हरले तर इतिहास. सामना चुरशीचा झाला, आणि वेल्सच्या जे. पी. आर. विल्यम्सने, जो अशा कामासाठी प्रसिद्ध नव्हता, बऱ्याच लांबून ड्रॉप गोल मारला. सामना १४-१४ असा सुटला आणि मालिका लायन्सनी २-१ अशी जिंकली. चार कसोटींत लायन्सचे गुण ४८. त्यांतले ३० एकट्या बॅरी जॉनचे.

त्यानंतर लायन्स न्यूझीलंडला १९७७, १९८३, १९९३, २००५ आणि २०१७ असे पाच वेळा गेले. पगारी प्रशिक्षक आले, वैद्य आले, यंत्रे आली. फार तर २०१७ साली मालिका बरोबरीत राहिली. तिथे जाऊन मालिका जिंकून आणली ती आजवर एकदाच, वेल्श शिकवणाऱ्या मास्तरांनी.

परत आल्यावर सरकारने सन्मानाची पदवी देऊ केली. आपल्या राजकीय मतांशी ती जुळत नाही म्हणून त्यांनी ती नाकारली, आणि पुन्हा वर्ग, पुन्हा लानेली. ३१ ऑक्टोबर १९७२ रोजी हेच ऑल ब्लॅक्स लानेलीच्या स्ट्रेडी पार्क मैदानावर उतरले. एका बाजूला बलाढ्य राष्ट्र, दुसऱ्या बाजूला एका औद्योगिक गावाचा क्लब! सामन्याआधीच्या त्या निर्णायक घटकेत मास्तर बाजूला झाले आणि कर्णधार डेल्म थॉमसला बोलू दिले. थॉमस हा लाजाळू, अबोल माणूस. पण त्या दिवशी तो असा बोलला की गड्यांच्या डोळ्यांत पाणी आले. शिष्याला केव्हा बोलू द्यावे हे कळणे ही गुरूची शेवटची परीक्षा असते असे मला वाटते. सुरुवातीलाच फिल बेनेटने मारलेला चेंडू आडव्या दांड्यावर आपटून परतला, न्यूझीलंडच्या गड्याने घाईने उडवला, तो रॉय बर्जियर्सने अडवला आणि झेप घेऊन ट्राय केला. लानेली जिंकली. गुण पुन्हा तेच, ९-३. त्या रात्री गावातल्या गुत्त्यांतली दारू संपली, असे आजही तिथले लोक अभिमानाने सांगतात.

असा माणूस वेल्सच्या राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक होणार यात कुणाला शंका असेल? १९७४ साली ती जागा रिकामी झाली आणि जेम्स यांचे नाव साहजिकच पुढे आले. इथेच कथेला वळण लागले. वेल्सचा संघ निवडीत ते पाच निवडकर्ते. लोक त्यांना ‘पाच थोर’ म्हणत. थोरांनी गडी निवडायचे आणि प्रशिक्षकाने ते घेऊन सामना जिंकायचा, असा शिरस्ता. जेम्स यांनी रग्बी युनियनला पत्र लिहिले. त्याचा आशय असा, की संघाच्या यशापयशाची जबाबदारी प्रशिक्षकाची असेल तर निवडीची सूत्रेही त्याच्याकडे हवीत, आणि आपल्या सल्लागारांची निवड त्याला करता यावी. हे मान्य होण्याची चिन्हे नाहीत हे जाणून त्यांनी त्याच पत्रात आपले नाव मागे घेतले. विषय मिटला. त्या जागी जॉन डॉझ आले; १९७१ च्या दौऱ्यात मास्तरांचे कर्णधार होते तेच.

हे पत्र मला या माणसाच्या सगळ्या विजयांइतके मोलाचे वाटते. आपल्यापैकी ज्यांनी कचेरीत, शाळेत, सहकारी सोसायटीत काम केले आहे त्यांना हा प्रसंग ओळखीचा वाटेल. जबाबदारी तुमची, अधिकार आमचा. जिंकलात तर आम्ही निवडले म्हणून, हरलात तर तुम्ही शिकवले नाही म्हणून! बहुतेक शहाणी माणसे अशा वेळी विचार करतात की आधी खुर्चीवर तर बसू, मग हळूहळू पाहू. जेम्स यांनी तसे केले असते तर कदाचित चार वर्षांत सगळे त्यांच्या मनासारखे झालेही असते. मित्रांनी त्यांना हट्टी म्हटले असेल, आणि ते अगदीच चूक नव्हते. न्याय म्हणून हेही सांगितले पाहिजे, की डॉझ यांच्या हाताखाली वेल्सचे काही बिघडले नाही. १९७५ ते १९७९ या पाच वर्षांत देशाने चार वेळा अजिंक्यपद मिळवले. म्हणजे ‘मला नाकारलेत, आता भोगा’ असे म्हणण्याचे समाधानही मास्तरांच्या वाट्याला आले नाही.

मग त्या पत्राने मिळवले काय? त्या वर्षी, काहीच नाही. पण आज जगातल्या बहुतेक मोठ्या राष्ट्रीय रग्बी संघांत निवडीचा शेवटचा शब्द प्रशिक्षकाचा असतो, वेल्समध्येसुद्धा. तेव्हाची उद्धट वाटलेली मागणी आता नेमणुकीतली साधी अट होऊन बसली आहे, आणि त्या खुर्चीवर बसणाऱ्यांना ती पहिल्यांदा कुणी मागितली याची आठवण ठेवण्याचे कारण पडत नाही.

मास्तरांनी नोकरी सोडली आणि ते लिहू-बोलू लागले, बी.बी.सी.वर वेल्श आणि इंग्रजी दोन्ही भाषांतून, आणि ‘गार्डियन’ पत्रात सदर. १९७७ साली ते इटलीतल्या रोव्हिगो या गावच्या संघाचे प्रशिक्षक म्हणून गेले, तिथली भाषा शिकले आणि १९७९ साली त्या संघाला इटलीचे विजेतेपद मिळवून दिले. परक्या गावाने सुखाने संघ हाती दिला. घरच्यांना ते जमले नव्हते. प्रकृती मात्र ढासळत गेली. कातडीच्या एका चिवट विकाराने त्यांना वर्षानुवर्षे छळले. सिगारेट सुटत नव्हती. घरी वाट पाहणारे बायकामुलांचे माणूस नव्हते. गर्दीत सर्वांचा लाडका आणि गर्दी पांगली की एकटा, असा तो जीव. १० जानेवारी १९८३ रोजी अ‍ॅमस्टरडॅममधल्या एका हॉटेलच्या खोलीत त्यांना मृत्यू आला. वय ५३.

स्ट्रेडी पार्कवर शेवटचा मोठा सामना २००८ साली झाला, आणि लानेलीचा संघ नव्या मैदानावर गेला. बॅरी जॉन आणि जे. पी. आर. विल्यम्स हे दोघेही २०२४ च्या प्रारंभी, काही दिवसांच्या अंतराने, गेले. साक्षीदार एकेक करून उठून चालले आहेत. उरली आहे ती पद्धत, आणि तिला मैदान लागत नाही, पंधरा गडी लागत नाहीत.

सुट्टी संपली की घरोघरी मुले पुन्हा दप्तरे उघडतील. गणित अडेल, निबंध अडेल, आणि आपण घाईने पेन्सिल हातात घेऊन ते सोडवून देऊ; कारण आपल्याला येते, आणि स्वयंपाकघरात आमटी उकळत असते. अशा वेळी पेन्सिल क्षणभर खाली ठेवून मुलाला विचारावे, ‘तुला काय वाटते?’ आणि मग, हे त्याहून कठीण आहे, उत्तर येईपर्यंत गप्प बसावे. न्यूझीलंडला हरवणाऱ्या मास्तरांकडे याखेरीज दुसरी विद्या नव्हती.

सर्व वाचकांना दिवाळी सुखाची जावो.